तरीही उघडायची का?

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. त्याचा आजचा घेर पाहता ही सरळसरळ खोटी नोंद आहे, पण इतकी वर्षं चालत आलेली नोंद आता कोण खोडणार? नोकरीत असताना मी लोकांचे हिशेब तपासायचे. निवृत्त झाल्यावर लोकच तपासते. बारक्याबद्दलचा माझा शेरा लहानपणापासून बदललेला नाही : माणूस सरळ, कष्टाळू, पण स्वतःच्या कामावर स्वतःची सही करायची म्हटली की हात थरथरतो.

लग्नानंतर ती सही हेडबाई करायची. हेडबाई म्हणजे त्याची बायको. शाळेत तिनं कधी शिकवलं नव्हतं. पण कोंबड्या, ट्रकवाले आणि नवरा या तिघांनाही ती एकाच आवाजात रांगेत उभं करायची, म्हणून ते नाव पडलं. तिलाही ते आवडायचं. कॉम्प्युटरवर लॉगिनसाठीसुद्धा तिनं तेच नाव घेतलं होतं.

दोघांची हॅचरी आहे, म्हणजे अंडी उबवून पिल्लं विकायचा धंदा. घरामागं पत्र्याची लांब शेड, चुना दिलेल्या भिंती, फरशीला कायम जंतुनाशकाचा वास, आणि मधोमध दोन कपाटांएवढं उबवणीचं मशीन. त्याच्या पोटात पंखा घुमत असतो. ट्रे ठरावीक वेळानं एका बाजूचे दुसऱ्या बाजूला कलतात, आणि कलताना म्हातारं माणूस अंथरुणात कूस बदलतं तसा आवाज होतो. मशीनला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. हेडबाईनं कुठून कुठून शिकून अशी व्यवस्था बसवली होती की एका लहानशा फाईलीत तापमान लिहायचं. मशीन ती फाईल वाचतं आणि तेवढी ऊब राखतं.

मागच्या थंडीत हेडबाई गेली. किरकोळ आहे, किरकोळ आहे म्हणता म्हणता गेली. मशीन बंद पडून राहिलं. बारक्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. शेजारच्या गोदामवाल्यानं शेडची जागा मागितली, तेव्हा ‘बघू’ म्हणाला. आणि ‘बघू’ म्हणजे त्याच्या भाषेत ‘घेऊन टाका, मला विचारू नका’.

मी मधे पडले. जुन्या गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला. तो म्हणाला, “ताई, एक खेप घेतो. चांगली निघाली तर पुढं चालू. नाही निघाली तर मला दुसरीकडं जावं लागेल, राग मानू नका.” रागाचं काही नव्हतं. म्हणजे सगळं या एका खेपेवर होतं. ती फसली की शेड गोदामवाल्याची, आणि बारक्या माझ्या बैठकीच्या खोलीत, खुर्चीसकट. मला भाऊ हवा होता, पण त्याच्या घरी, त्याच्या पायांवर.

अडचण अशी निघाली की त्या फाईलीत मशीन बंद ठेवायचा आकडा होता आणि तो बदलायचा कसा, हे बारक्याला ठाऊक नव्हतं. लिहायचं-खोडायचं जे साधन असतं, त्याला एडिटर म्हणतात. हेडबाई वापरायची तो एडिटर फक्त तिचंच ऐकायचा. आत जाता येई. बाहेर कसं यायचं याची कुठं खूण नाही. बारक्या आत गेला, चार बटणं दाबली, अक्षरं उमटायच्या ऐवजी होत्या त्या ओळीही पुसल्या गेल्या, आणि घाबरून त्यानं प्लग ओढला. मग मला फोन. मी बॅग भरली.

माझ्या गल्लीत एक कॉम्प्युटरवाली आहे. दुरुस्तीचं दुकान चालवते, तोंडात कायम स्क्रू धरल्यासारखं बोलते. तिला फोन लावून मी शेडमध्ये बसले. बारक्यानं आपल्या मोबाईलचं इंटरनेट त्या कॉम्प्युटरला तेवढ्यापुरतं जोडलं होतं.

“मावशी, सांगते तसं लिहा. सूडो. मग जागा सोडा.”

“सूडो म्हणजे काय गं?”

“मालकाच्या हुकमानं. पुढं ॲप्ट, जागा, इन्स्टॉल, जागा, नॅनो. एंटर मारा.”

“मारलं. पासवर्ड मागतोय.”

बारक्यानं मला बाजूला केलं आणि एकेका बोटानं पासवर्ड घातला. मधेच थांबला. “ताई, काही उमटतच नाहीये.”

फोनवरून ती म्हणाली, “उमटणारच नाही. तुम्हाला दिसलं नाही तरी त्याला पोचतं. पुरा करा.”

त्यानं पुरा केला. ओळींमागून ओळी वर सरकल्या, एकदा होय-नाही विचारलं, आम्ही होय म्हटलं, आणि झालं. इतक्या गडबडीत मी साधा कुकरही लावत नाही.

नॅनो मला पाहताक्षणी आवडला. साधा, समजूतदार. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सगळं लिहूनच ठेवलेलं : मदत इथं, जतन करायचं तर हे, बाहेर पडायचं तर ते. टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोलचं बटण, एवढं कळलं की संपलं. टोपी आणि ओ दाबलं की जतन, टोपी आणि एक्स दाबलं की बाहेर. आमच्या ऑफिसात अशी पाटी असती तर अर्ध्या लोकांचं आयुष्य वाचलं असतं.

“दोघं आहात ना तिथं?” कॉम्प्युटरवालीनं विचारलं. “मग एक सोय चालू करून घ्या. एकजण फाईलीत असताना दुसरा गेला तर तो सांगतो, अमुक माणूस आत आहे म्हणून.”

तीही केली. बारक्यानं मोबाईल खिशात टाकला. आता त्या कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाशी जोडणारं काही उरलं नाही.

अंडी आली. ट्रे भरून झाले. मशीनवाल्यांच्या पुस्तिकेत छापलं होतं : सदतीस पॉइंट सात. मी तेच लिहायला लागले तर बारक्या कान खाजवत म्हणाला, “ती थोडं कमी ठेवायची असं वाटतं.”

“किती कमी?”

“ते तिला माहीत.”

“तिला विचारता येत नाही, बारक्या. पुस्तिकेत जे आहे ते आपलं.” मी आकडा त्याच्याकडून लिहवून घेतला. टोपी-ओ, एंटर, टोपी-एक्स. “बघ. बाहेर आलास की नाही?” तो हसला. थंडीपासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच बसवलं फाईल उघडायला. फाईल उघडली नाही. तळाशी इंग्रजीत एक ओळ आली. आपल्या भाषेत सांगायची तर : ही फाईल हेडबाई वापरत आहे, नॅनोमध्ये, तरीही उघडायची का? होय, नाही.

बारक्या बटणांवरचे हात उचलून मांडीत घेऊन बसला.

मी कॉम्प्युटरवालीला फोन केला. ती हसली. “मावशी, तुम्ही सगळे तिच्याच लॉगिननं आत जाताय, मग नाव तिचंच दिसणार. आणि कुणीतरी नीट बाहेर न पडता उठलं असेल. दाराबाहेर चपला दिसल्या म्हणजे माणूस आत असतोच असं नाही. होय म्हणा.”

होय म्हटलं. फाईल उघडली. आकडा होता सदतीस पॉइंट दोन.

“बारक्या.”

“मी नाही, ताई.”

“कमी ठेवायची म्हणालास ना काल?”

“म्हणालो. केलं नाही.”

लोक खोटं बोलताना डोळे चुकवतात हा गैरसमज आहे. ते डोळे रोखतात. बारक्या दोन्हीपैकी काही करत नव्हता. तो खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या हेडबाईच्या जुन्या ॲप्रनकडं बघत होता. मी मनात लिहिलं : केलं यानंच, पण याला ते माहीत नसावं. दुःखात माणूस काहीही करतो आणि विसरतो. आकडा पुन्हा पॉइंट सात केला आणि ठरवलं, याचं लॉगिन वेगळं करायचं. त्याच्या नावानं. म्हणजे केलं तर केलं म्हणावं लागेल.

कॉम्प्युटरवालीनं तेही फोनवरून करवलं. ‘बारक्या’ नावाचं लॉगिन तयार झालं. मग ती म्हणाली, “जुनं कुलूपबंद करू का? सगळा गोंधळच मिटेल.”

“कर.”

“ताई, राहू दे ना तिचं,” बारक्या म्हणाला. “कुणाला त्रास आहे?”

“दारावर दोन पाट्या कशाला? तुझं घर आहे, तुझी पाटी लाव.”

फोनवरून सांगितलेली एक ओळ मी लिहिली, एंटर मारलं. त्या कॉम्प्युटरवर हेडबाईला आता कुणालाच आत नेता येणार नव्हतं. बारक्या उठून मशीनमधले ओलाव्यासाठीचे पाण्याचे ट्रे भरायला गेला. भरलेलेच होते ते.

पुढच्या सकाळी तो त्याच्या नावानं आत गेला, नॅनो आणि फाईलचं नाव लिहिलं, एंटर मारलं.

ही फाईल हेडबाई वापरत आहे, नॅनोमध्ये. तरीही उघडायची का?

आत सदतीस पॉइंट दोन.

फोनवर कॉम्प्युटरवालीनं मला ती ओळ दोनदा वाचायला लावली. “ते नाव आता येऊच शकत नाही, मावशी.”

“जुनी खूण राहिली असेल. तुझ्या त्या चपला.”

“जुनी खूण काल तुम्ही नीट बाहेर पडलात तेव्हाच पुसली गेली. ही कुलूप लावल्यानंतरची आहे. त्या कधी वारल्या?”

मी सांगितलं.

पलीकडं कुणीतरी दुकानात आल्याचा आवाज झाला, किंवा तिनं तसा केला. “गिऱ्हाईक आहे, मावशी. ठेवते.” त्यानंतर तिनं माझा फोन उचलायचं बंद केलं. एरवी अशी पोरगी नाही ती.

माझा विश्वास माणसांवर नसतो, पुराव्यावर असतो. त्या संध्याकाळी मी आकडा सात केला, कीबोर्डची वायर उपटली आणि कीबोर्ड उशाखाली घेऊन झोपले. या वयात उशाखाली काय ठेवावं याला काही मर्यादा असते. मी ती ओलांडली. सकाळी गालावर बटणांचे चौकोन उमटले होते. कीबोर्ड उशाखालीच होता. शेडचं दार मी स्वतः उघडलं, वायर जोडली, माझ्या डोळ्यांदेखत बारक्यानं फाईल उघडली.

तीच ओळ. तोच आकडा.

“ताई,” बारक्या म्हणाला, “तिला करू दे ना.”

पोळ्या तिलाच लाटू दे म्हणावं, इतक्या साध्या आवाजात तो हे म्हणाला. मला राग आला, आणि तो भीतीपेक्षा सोयीचा होता म्हणून मी तोच धरून ठेवला.

“मग तू काय करणार?”

“मी अंडी बघतो ना.”

“अंडी बघून खेप निघत नाही. मशीन कुणी चालवायचं? उद्या आकडा चुकला तर गिऱ्हाइकाला काय सांगशील, बायकोला विचारा?”

तो हसला नाही. मला वाटतं, त्यानं तसं सांगितलंही असतं.

दुपारी मी एकटीनं निकाल लावायचं ठरवलं. उजेड लख्ख होता, पत्रा तापून कडकड वाजत होता. बारक्याला समोर क्रेट उलटा घालून बसवलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायला लावले. तो बसला, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. मी त्याच्या नावानं फाईल उघडली. यावेळी काही विचारणा नाही. आत पॉइंट दोन. मी दोन खोडलं, सात लिहिलं.

टोपी-ओ दाबलं. एंटर दाबलं.

तळाशी नवीन ओळ आली, आधी कधी न पाहिलेली : तुम्ही उघडल्यानंतर ही फाईल बदलली गेली आहे. तरीही जतन करायची का?

मी बारक्याच्या हातांकडं पाहिलं. गुडघ्यांवर होते.

मशीनमध्ये ट्रे कलले. कूस बदलल्याचा आवाज झाला आणि थांबला.

मी नाही दाबलं. फाईल बंद करून पुन्हा उघडली. आकडा दोनच होता. पण त्याखाली, जिथं काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथं एक नवी ओळ होती. ओळीत एकच शब्द :

ताई

आणि पुढं काही नाही. हेडबाई मला अशीच हाक मारायची. मी तिच्याकडं वळून बघितल्याशिवाय ती पुढचं वाक्य बोलायची नाही.

मी वळले नाही. उठले, घरात गेले, औषधांच्या डब्यातून ताप बघायचा पाऱ्याचा थर्मामीटर काढला. दोन पक्षांचं जुळत नसेल तर तिसरा साक्षीदार आणावा, एवढंच मला येतं. परत येऊन मशीनचा आकडा सातवर नेला. यावेळी कुणी अडवलं नाही. जणू तिलाही तेच हवं होतं. पडद्यावर सदतीस पॉइंट सात स्थिर झालं, तसा थर्मामीटर मधल्या ट्रेवर अंड्यांच्या शेजारी ठेवला, दार लावलं, थांबले.

काढला तेव्हा पारा अडतीसच्या वर होता. अर्धा अंश जास्त.

मशीनचा तापमान मोजणारा काटा हवा आत येते तिथं बसवलेला होता. तो थंड हवा मोजत होता. अंड्यांपाशी नेहमीच अर्धा अंश जास्त. पुस्तिकेप्रमाणं चाललो असतो तर खेप आतल्या आत शिजत गेली असती. हेडबाईला हे ठाऊक होतं, म्हणून ती कमी ठेवायची. बारक्याला एवढंच ठाऊक होतं की ती कमी ठेवायची.

मी आकडा दोन केला. खालचा तो शब्द तेवढा खोडायचा म्हणून ओळ शोधली. शब्द नव्हता.

खेप निघाली. ज्या पहाटे कवचांना पहिल्या चिरा पडल्या, त्या दिवशी बारक्या मशीनच्या काचेला नाक लावून उभा होता आणि मधेच मला कोपरानं ढोसत होता. पिल्लं कोरडी होऊन पिवळी फुगली, शेडभर चिवचिवाट झाला. गिऱ्हाईक आला, टोपल्यांत हात घालून दोन-चार उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, “जुन्यासारखीच आहेत हो.” गोदामवाल्याला नाही म्हणून बारक्यानं स्वतः सांगितलं. मीच त्याच्या मागं उभी होते, पण बोलला तो.

मी घरी आले. फोनवर तो गमती सांगायचा. पुढची खेप, त्याच्या पुढची. फाईलीचं विचारलं की म्हणायचा, “आता काही त्रास नाही, ताई. ती ओळ येतच नाही.” मी माझ्या मनातल्या जुन्या शेऱ्यावर काट मारली. सही करायला शिकला एकदाचा. बाकीचं जे घडलं त्याला नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही ते कुठल्या खात्यात घालायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

चारएक खेपांनंतर सहज म्हणून त्याच्याकडं गेले. दुपारची वेळ. शेडच्या पलीकडच्या टोकाला तो दिव्यापुढं अंडी धरून आत जीव धरलाय का बघत होता, दोन्ही हातांत एकेक अंडं. भिंतींना नवा चुना लागला होता. मशीन घुमत होतं. तब्येत सुधारली होती त्याची, रंगही आला होता. मला बरं वाटलं. तपासायची सवय काही जात नाही, म्हणून कॉम्प्युटरपाशी बसले आणि फाईल उघडायला गेले.

तळाशी ओळ आली. ही फाईल बारक्या वापरत आहे, नॅनोमध्ये. तरीही उघडायची का?

मला हसू आलं. “अरे, फाईलीतून नीट बाहेर तरी पडत जा. उघडी टाकून उठलायस.”

“मी नाही,” तो तिकडूनच म्हणाला.

“तुझं नाव दिसतंय.”

“नाव माझंच आहे.” त्यानं अंडं दिव्यापुढं सावकाश फिरवलं. उजेड त्याच्या बोटांतून लाल दिसत होता. “तिचं तू बंद केलंस ना, ताई. मग मी तिला म्हटलं, माझं वापर.”

पंखा घुमत होता.

“आणि तू?” मी विचारलं. “तू कुणाच्या नावानं आत जातोस?”

“मी कशाला जाऊ?” बारक्या म्हणाला, आणि दुसरं अंडं उचललं.

मी पडद्याकडं वळले. प्रश्न तसाच होता. होय, नाही. माझे दोन्ही हात मांडीत होते.

कुणी ‘नाही’ दाबल्यासारखा प्रश्न पडद्यावरून आपोआप मिटला. फाईल उघडली नाही.